बिनधुराच्या गाडीचा पांढरा दुपट्टा

मी एक जुनी बॅटरीगाडी आहे. आधी हसून घ्या, मित्रांनो. वडशात मी पहिल्यांदा रस्त्यावर आले तेव्हा माणसं तर हसलीच, धानाच्या बंडीचे बैलसुद्धा थबकून बघत राहिले. ना पुढे बैल, ना पोटात इंजिन, ना तोंडात आवाज. फळ्यांचा सपाट ओटा, चार भरीव रबरी चाकं, उभं राहायला पायरी, वळवायला दांडा आणि खाली चोवीस बॅटऱ्यांची पेटी. चाल म्हणाल तर तुरुतुरु पळणाऱ्या बैलाची.

मोठ्या लढाईत मी लष्कराच्या कोठारात पेट्या वाहिल्या. लढाई संपली, मला काढलं लिलावात. वडशाच्या भातगिरणीचे मालक नानाजी कामठीला गेले होते बॉयलरची नळी आणायला. घेऊन आले मला! घरात आठ दिवस अबोला होता म्हणतात.

पण माझं नशीब उघडलं ते खुशालमुळे. खुशाल माझा ड्रायव्हर. चाळिशी उलटलेली, टक्कल पडलेलं, आणि अंगात खोड्या मावत नव्हत्या. मला आवाज नाही हे त्याला कळलं मात्र, साऱ्या गावाला धडकी भरली. गिरणीमागे बोडी होती, म्हणजे छोटा तलाव. तिच्या पाळीवर, काठच्या बांधावर, उमाजी धीवर जाळं विणत बसायचा. खुशाल मला अलगद त्याच्या पाठीशी न्यायचा आणि कानाजवळ रेड्यासारखा हंबरायचा. उमाजी जाळ्यासकट उडायचा.

"एखाद्या दिवशी जीव घेशीन बे खुशाल्या माहा!"

"जाऊ दे ना गेला त. गोकुळावहिनी सुटन."

"मी कायले सुटन?" उमाजीची बायको गोकुळा पाण्यातूनच ओरडायची. "तुमी दोघं मेले तरी वरतं भांडान, अन् सोडवाले मलेच बलवान!"

हे दोघं जिवाचे दोस्त होते. आणि बोडी म्हणजे उमाजी-गोकुळाचं शेत, घर, सगळं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मधल्या खोलगट डबक्यात पोटुशा मरळी मासोळ्या उरायच्या. त्यांना उमाजी हात लावायचा नाही. पाऊस पडला की त्यांचीच पिल्लं बोडीभर व्हायची, त्यावर पुढचं वर्ष निघायचं. गोकुळा तर रोज मूठभर कोंडा टाकायची. पाण्यात हात हलवला की मरळी जवळ यायच्या. "माह्या लेकी" म्हणायची ती त्यांना.

गिरणीत नानाजींची पेट्रोलची लॉरी पण होती. तिचा ड्रायव्हर बाबुलाल, कमी बोलणारा माणूस. स्टेशनावर तांदूळ कोणी न्यायचा यावरून एकदा पैज लागली. दोघींना सारखीच पोती. नानाजी सावलीत खाट टाकून पंच झाले.

लॉरी सुसाट. दुपारच्या आत तिने सगळी पोती टाकली. मला दिवस कलला, हे कबूल करते. पण रेल्वेचं फाटक बंद असायचं तेव्हा लॉरी उभ्या उभ्याही गुरगुरत पेट्रोल पीत होती. मी थांबले की माझं पिणं पण थांबायचं. तिचं पेट्रोल यायचं सात समुद्रांपलीकडून, पिंपात बसून. माझ्या बॅटऱ्या भरायच्या गिरणीच्या डायनामोवर, आणि गिरणी चालायची धानाच्या तुसावर. ते तूस तसंही ढीग होऊन सडायचं.

मग खुशालने आपला नवा पांढराशुभ्र दुपट्टा काढला. फाडून दोन केला. एक तुकडा लॉरीच्या धुराच्या नळीमागे बांधला, एक माझ्या पाठीशी. एक फेरी झाली. लॉरीचा तुकडा तव्याच्या बुडासारखा काळा! माझा तसाच पांढरा.

"हे पाहा नानाजी! तिची घाण इथी, माह्या बाईची घाण कुठीच नाई!"

बाबुलालने नुसतं गिरणीच्या चिमणीकडे बोट केलं. चिमणी भकाभका धूर सोडत होती. "तुह्या बाईचा धूर तिकडं वर हाये, खुशाल. तिथी बांध ना दुपट्टा."

लोक हसले. खुशाल सगळ्यांत मोठ्याने हसला. "हारला न् रडाले लागला!"

नानाजींनी खर्चाचा हिशेब करून मला जिंकवलं आणि माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. तो पांढरा तुकडा खुशालने मोठ्या तोऱ्यात गोकुळाला दिला. "ठेवा वहिनी. बिनधुराच्या बाईचं बक्षीस." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जगात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही.

तीन वर्षं मी तोऱ्यात पळाले. मग बॅटऱ्या दमल्या. स्टेशनाच्या अर्ध्या वाटेत मी बसकण मारायची आणि हमाल ढकलत न्यायचे. चैत्रात नागपूरहून मिस्त्री आला. म्हणाला, बॅटऱ्यांतला जुना तेजाब, म्हणजे ॲसिड, काढा, नवा भरा. जाताना खुशालला बजावून गेला, "जुना पाण्यात सोडू नका. खड्डा खोदा, चुना टाका, त्यात ओता."

"हो हो," खुशाल म्हणाला.

चैत्रातली जमीन, मित्रांनो. कुदळ टाकली तर ठिणगी उडते. चुनाही संपलेला. खुशालने काढलेल्या तेजाबाचं एक घमेलं वाकून बघितलं. आत पाण्यासारखं पाणी. ना काळं, ना धूर.

"हिची कसली घाण?" तो स्वतःशीच हसला. "हिच्यानं दुपट्टा बी मळला नाई."

आणि त्याने घमेल्यामागून घमेलं नालीत ओतलं. नाली बोडीकडे जात होती. ते मला दिसत होतं. पण ज्या मुकेपणावर मी एवढी मिरवले, त्यानेच माझा गळा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळाचा हंबरडा ऐकू आला. नालीच्या तोंडाशी, डबक्यात, मरळी पांढरी पोटं वर करून पडल्या होत्या. एकूण एक. गोकुळा गुडघाभर पाण्यात उभी राहून त्यांना त्याच पांढऱ्या दुपट्ट्यात भरत होती, तापलेल्या लेकराला उचलावं तशी.

उमाजी रडला नाही. तो तडक लॉरीकडे गेला. आदल्या दिवशी बाबुलालने पाळीवर लॉरी धुतली होती. उमाजीने त्याची गचांडी धरली.

"तुह्या पेटरोलनं मारल्या! रोज घाण ओकते तुही लॉरी! माह्या लेकी मारल्या तू!"

"पाळीवर धुतली गा, वरतं. बोडीत थेंब गेला नाई. देवाची आन."

"खुशालची गाडी पाय! हाये का घाण? सांग!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखी स्वच्छ उभी होते. खुशाल माझ्या दांड्याला धरून जमिनीकडे बघत होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होता. नाही बोलला.

नानाजींनी बाबुलालला काढलं. आलापल्लीकडे सागवान वाहायला लॉऱ्या लागतात, तिकडे तो चालता झाला. निघताना एवढंच म्हणाला, "ज्याचा धूर दिसते, त्यालेच सारे धरते."

आठ दिवसांनी गोकुळा गिरणीत आली. हातात तो दुपट्टा. धुऊन वाळत घातला, तर त्याची चाळण झाली होती. तिने खुशालच्या धोतराकडे बघितलं. गुडघ्याखाली तशीच भोकं.

"खुशालभाऊ, धोतराले उंदीर लागले का?"

"हो ना वहिनी," खुशाल हसायला गेला. "गिरणीतले उंदीर, लय माजले."

"मंग माह्या दुपट्ट्याले बी त्याच उंदरानं खाल्लं."

खुशालचं हसू तोंडातच मेलं. तो माझ्या पायरीवर बसला आणि रडत रडत सगळं बोलला. गोकुळाने ऐकून घेतलं. दुपट्टा माझ्या दांड्यावर टाकला आणि निघून गेली.

बोडीत कोंडा टाकून काही होणार नव्हतं. उमाजी आणि गोकुळाने वैनगंगेकाठी तिच्या माहेरी जायचं ठरवलं. निघाले त्या दिवशी डोक्यावर जाळी, हातात एक गाडगं. खुशालने मला काढलं. मी नेहमीसारखी अलगद त्यांच्या मागे गेले. अगदी पाठीशी. खुशालने तोंड उघडलं, पण हंबरणं बाहेर आलं नाही.

उमाजी दचकला नाही. वळलाही नाही.

"खुशाल हायेस ना?"

"हो."

"आता भेवाचं काय राह्यलं माह्यापाशी, खुशाल?" त्याने डोक्यावरची जाळी सावरली. "बाबुलालच्या गचांडीले हात घातला मी. तुह्या भरोशावर."

ते दोघे चालत राहिले. बॅटऱ्या भरलेल्या असूनही मी पुढे गेले नाही.

खुशाल आलापल्लीला दोनदा जाऊन आला. बाबुलाल भेटला का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. आल्यावर त्याने भर उन्हात पुढच्या तेजाबासाठी खड्डा खोदला, चुना टाकला. हाताला फोड आले तरी थांबला नाही. आणि माझ्या दांड्याला, त्या फाटक्या दुपट्ट्याच्या गाठीत, बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा बांधली. तेव्हापासून मी आले की साऱ्या वडशाला कळायचं.

आता मी गिरणीच्या मागच्या पडवीत असते. फळ्या कुजल्या, चाकं चिरली. लॉरी चांगली की मी, असं कोणी विचारलं तर आजही सांगेन, मी कमी खाते, कमी ओकते. पैजेचं ते खरंच होतं. पण मित्रांनो, धूर नसलेली गाडी दिसली की टाळ्या वाजवायच्या आधी तिच्या मागे जाऊन बघा. तिचं पोट कुठे भरतं, आणि तिचं उष्टं कोणाच्या पाण्यात जातं. आणि ज्याचा धूर दिसतो, त्याची गचांडी धरायच्या आधी आपल्या धोतराची भोकं मोजा.

वारा आला की घंटा टक् टक् वाजते. बोडीच्या पाळीपर्यंत ऐकू जाते. तिथे दचकायला कोणी बसलेलं नसतं.