बदकाची चोच डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे आधीच ठणकावून सांगतो. माणसं गळ्याची शपथ घेतात. मला गळा नाही, म्हणून माझ्या दोन्ही कानांकडच्या इलॅस्टिकची शपथ. खोटं बोललो तर दोन्ही तटातटा तुटू देत आणि माझं पायपुसणं होऊ दे.

माझा जन्म खिडकीच्या पडद्यातून झाला. पडदा शिवून हातभर हिरवं कापड उरलं होतं, तेवढ्यात आत्याने मला बसवला. आत्या शिवणकाम करायची. तिची भाची पाच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरीची आई नर्स. ते आजारपणाचे दिवस होते, आठवडा आठवडा इस्पितळातच मुक्काम. बाप लांबच्या गाडीवर. जाताना आई दारातूनच म्हणाली होती, "वन्सं, पोरगी तुमच्या स्वाधीन आहे." आत्या नुसती "हं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली. डोळ्यांत पाणी आलं की ती दोरा ओवायची.

आत्याने माझ्यावर पिवळ्या जाड दोऱ्याने एक बदक भरलं. चोच चांगली फुगीर, बोटाला लागेल अशी. भिंगरीला डावं-उजवं काही केल्या कळायचं नाही, चपलासुद्धा उलट्या घालायची. आत्याने युक्ती काढली. "गोंधळ झाला की गालावर बोट ठेव. बदकाची चोच लागेल ती बाजू डावी." आणि खरंच, भिंगरी चालता चालता मला चाचपायची आणि बरोबर वळायची. मी म्हणजे तिचा वाटाड्याच की! माझी छाती अशी फुगली की पट्ट्या उसवायच्या बेतात आल्या.

शाळेत पहिले चार दिवस मात्र माझे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. एका दिवसात सव्वीस शिंका झेलल्या. भिंगरी माझ्यासकट पाणी प्यायची. तिचा पहिला दात पडला तो माझ्या आतच पडला, आणि घरी जाईपर्यंत कुणाला पत्ता नाही. शेजारचा पोरगा आपला मास्क डोळ्यांवर ओढून झोपायचा. एकीने तर तिचा चावून चावून पार चोथा केला. बाई ओरडायच्या, पोरं रडायची.

पाचव्या दिवशी सगळं गप्प झालं.

बाई बाहेर पालकांना कौतुकाने सांगायच्या, "लहान पोरं. पटकन सवय होते." मलाही तेव्हा कौतुक वाटलं. पण मी नाकावर बसलेलो, मला आतलं कळायचं. पोरं गप्प का झाली माहीत आहे? आपण बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, हे त्यांना कळलं होतं. दोनदा "काय? काय म्हणतेस?" झालं की तिसऱ्यांदा कोण बोलतंय? मग ती चित्रं काढायला लागली. घर, झाड, आई. आईला डोळे असायचे, केस असायचे, आणि खाली एक चौकोन. वर्गातल्या सोळा चित्रांमध्ये एकालाही तोंड नव्हतं. बाईंनी ती भिंतीवर ओळीने लावली. दुपारी खिडकीचा वारा आला की ती फडफडायची, आणि मला उगीच वाटायचं, यांना काहीतरी सांगायचंय.

या बाई नव्या होत्या. मास्क आल्यानंतर आल्या. म्हणजे सोळापैकी एकाही पोराचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गणवेश एक, वेण्या सारख्या. मग त्यांनी माझ्यावरचं बदक पाहिलं आणि आत्याकडे गेल्या. सगळ्यांच्याच मास्कवर अशी एकेक खूण भरून देता का? ओळखायला बरं पडेल. आत्याने दोन दिवसांत भरून दिल्या. गाजर, छत्री, चंद्र, किल्ली, काय नि काय. बाईंनी भिंतीवर यादी लावली, आणि दुसरी यादी गेटवरच्या काकांना दिली. बदक – आत्या येते, चालत. गाजर – दोन नंबरची व्हॅन. छत्री – आजोबा. पोर गेटबाहेर पडलं की काका मास्क बघायचे आणि टिकमार्क करायचे. काम एकदम चोख. कुणी शंका काढायला जागा नाही.

आता हजेरीसुद्धा खुणांची. "बदक?" की भिंगरी हात वर करायची. "चंद्राने फळा पुसा." "किल्ली, गडबड नको." हळूहळू सुट्टीतही पोरं एकमेकांना तशीच हाका मारायला लागली. भिंगरीला घरी आत्याने नावाने हाक मारली तर ती कधी कधी क्षणभर बघतच राहायची. मी काय केलं असेल सांगा? मी खूश झालो. म्हटलं, आता पोरीला कोण विचारतंय, बदक म्हणजे मी. मित्रांनो, हे पाप माझं. मोजून माझं.

मग तो खेळ निघाला. कुणी काढला ठाऊक नाही, असले खेळ कुणी काढत नाही, ते पावसाळ्यातल्या बुरशीसारखे आपोआप येतात. पाण्याच्या टाकीमागे जायचं आणि मास्क बदलायचे. नियम एकच, ज्याच्या तोंडावर जे, तो ते. किल्लीचं रागावणं छत्रीने खाल्लं. चंद्राची शाबासकी गाजराला मिळाली. बाईंना काही कळलं नाही. दुसऱ्याच्या लाळेने मी ओलाचिंब व्हायचो, शी, अंगावर काटा यायचा. पण त्याहून मोठा काटा दुसऱ्याच गोष्टीने यायचा. बदललेली पोरं हसायची नाहीत. अगदी गंभीरपणे दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसायची, आणि विचारलं तर दुसऱ्याचंच उत्तर द्यायची. मात्र घंटेच्या आधी ज्याचं त्याला परत, एवढं ती न विसरता करायची.

एक दिवस नाही केलं.

गाजरवाली पोरगी म्हणजे गोगलगाय. हे नावही पोरांनीच ठेवलेलं. अख्ख्या वर्षात तिचा आवाज वर्गाने ऐकला नसेल. तिच्या घरी सगळे कामावर. व्हॅन तिला वळणावर सोडायची आणि तिथून ती एकटी घरी जायची. तिने रोज खिडकीतून पाहिलं होतं, बदकाला न्यायला कुणीतरी येतं, हात धरतं. आणि भिंगरीला हवी होती व्हॅनची खिडकी. टाकीमागे दोघींचं काय ठरलं ते मी ऐकलं. गोगलगाय कुजबुजली, "उतरलीस की डावीकडे. निळं दार." भिंगरीने मान डोलावली, मला आपल्या गालावरून काढलं आणि गोगलगाईला दिलं. नवा गाल थंडगार होता. त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. वाराही नाही. भिंतीवरची चित्रं सगळी स्तब्ध.

घंटा झाली. गेटवर काकांनी गाजराला दोन नंबरच्या व्हॅनमध्ये चढवलं, टिकमार्क केली. बदकाला आत्याच्या हातात दिलं, टिकमार्क केली.

आत्या दहा पावलं चालली आणि थांबली. तिने हातातल्या हाताकडे पाहिलं. जन्मभर लोकांची मापं घेतलेली बाई ती. "हा हात माझा नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा बारीक झाला की मलाच तो नीट ऐकू आला नाही. पुन्हा वळून रस्त्यावर पाहिलं तर तिन्ही व्हॅन गेलेल्या होत्या, तीन दिशांना.

बाई धावत आल्या. यादी काढली. सोळाच्या सोळा टिकमार्क. कागदावर एकही पोर हरवलेलं नव्हतं, मित्रांनो. "बदक तुमच्यासमोर उभं आहे ना," बाई म्हणाल्या. आत्याने मला खाली हनुवटीवर ओढलं. खाली एक लहानसं तोंड होतं, घट्ट मिटलेलं. बाईंनी पाहिलं, काकांनी पाहिलं, आत्याने पाहिलं. रोज सहा तास त्यांच्यासमोर बसणारी पोर, आणि ती कुणाची, हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. मग फोन सुरू झाले. व्हॅनवाले गाडी चालवताना उचलत नव्हते. व्हॅनच्या पोरांचे आईबाप म्हणत होते, येईल ना व्हॅनने, रोज येते.

नाव काय तुझं, म्हणून बाईंनी चारदा विचारलं. पोरीने मला पुन्हा नाकावर चढवलं आणि म्हणाली, "बदक."

नियम म्हणजे नियम. ज्याच्या तोंडावर जे, तो ते.

काका रागावले, बाईंनी जवळ घेऊन पाहिलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं. जेवढं विचारत गेले तेवढी ती आत आत जात होती. मला तिचा श्वास लागत होता, पक्ष्याच्या पिलासारखा. तेव्हा आत्या तिच्यासमोर मातीत फतकल मारून बसली. पोरीकडे तिने बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"बदका, तुला मी शिवलं," ती म्हणाली. "तुझा टाका न् टाका माझ्या ओळखीचा आहे. माझ्याशी खोटं बोलशील?"

मी काय बोलणार!

"आज तू कुणाशी बदललंस, बाळा?"

आणि मित्रांनो, मी बोललो. माझ्या पिवळ्या चोचीने, सगळ्यांदेखत, मी म्हणालो, "गाजराशी." शिवाय पुढचंही सांगितलं. "गाजर खाणीपाशी उतरतं. मग डावीकडे घर. उजवीकडे पाणी."

आत्या उभी राहिली ती कशी, तिलाही कळलं नसेल. गाजर तिनेच भरलं होतं. मास्कवर तिरकं, पाला एकीकडे आणि टोक एकीकडे. टोकाला दोरा जास्त झाला होता, चांगलं फुगीर उठलं होतं, बोटाला लागेल असं. आणि ते टोक होतं उजवीकडे.

काकांनी स्कूटर काढली. मागे आत्या, मध्ये गोगलगाय, तिच्या तोंडावर मी. पूर्ण वाटेत आत्या एकच वाक्य बोलली. "खुणा माझ्या. युक्ती माझी." खाणीचं वळण आलं. डावीकडे निळं दार, बंद, पायरीवर कुणी नाही. उजवीकडची पायवाट खाली जात होती. दगड फोडून फोडून झालेला तो खड्डा, त्यात कित्येक वर्षांचं हिरवं पाणी. माझ्याच रंगाचं.

भिंगरी काठावर उभी होती. दप्तर पाठीवर, एक बोट गालावर. पाण्याकडे बघत.

"भिंगरे," आत्याने हाक मारली.

ती वळली नाही. जणू ती हाक दुसऱ्याच कुणाची होती. उलट एक पाऊल पुढे गेली, कारण निळं दार पुढेच कुठेतरी असणार ना? आत्याने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग अगदी साध्या आवाजात, वर्गात हजेरी घेतल्यासारखं ती म्हणाली, "गाजर?"

भिंगरीने हात वर केला. हात वर करूनच वळली.

"इकडे ये गं. घंटा झाली. बदलून घ्यायचं राहिलं."

आली. दगडांवरून, चपला नेहमीप्रमाणे उलट्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मी इकडून तिकडे गेलो, गाजर तिकडून इकडे. माझी इलॅस्टिक कानांवर बसली, भिंगरीने माझी चोच चाचपली, आणि मग कुठे तिने आत्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. एवढं मोठं भोकाड माझ्या आत कधी मावलं नव्हतं. गोगलगाय बाजूला उभी होती. आत्याने एका हाताने भिंगरीला धरलं होतं, दुसरा हात तिने गोगलगाईपुढे केला. निळं दार उघडायला संध्याकाळ झाली, तोपर्यंत आत्याने तो हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही याद्या फाडल्या. मैदानात पोरांना लांब लांब उभं केलं आणि एकेकाच्या समोर जाऊन म्हणाल्या, थोडा वेळ काढ. एकेक तोंड नीट पाहिलं, नाव विचारलं. शेवटी स्वतःचा मास्क काढला. बाईंचा एक दात पुढे होता. छत्रीवाला पोरगा रडायलाच लागला, म्हणाला, बाईंना तोंड आहे.

आता मी बटणांच्या डब्यात असतो. भिंगरी मोठी झाली, उंच झाली, मास्क केव्हाच गेले. सगळे म्हणतात, पोरं विसरली. विसरली असतील. पण परवा कुणी पाहुण्याने तिला नाव विचारलं. ती लगेच बोलली नाही. आधी बोट गालावर गेलं, काहीतरी शोधलं, सापडलं नाही, मग बोलली. डब्याचं झाकण अर्धं उघडं होतं, मी पाहिलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्यांना धुवा, उन्हात वाळवा, गरज पडली तर जरूर तोंडावर बांधा, आम्ही वाईट नाही. पण बांधण्याआधी खालचं तोंड एकदा पाहून ठेवा. आणि एखादं पोर फार लवकर गप्प झालं, तर कौतुक करू नका. जवळ जा आणि विचारा.

बाकी शब्द न् शब्द खरा. फक्त एक... इलॅस्टिक ताणलं जायला लागलंय, म्हणून सांगून टाकतो. खाणीचं मी बोललो म्हणालो ना, ते मी नव्हतो. मला कुठलं तोंड? ती गोगलगाय बोलली, अख्ख्या वर्षात पहिल्यांदा एवढं, आणि तिघांनाही ऐकू गेलं. मी नुसता तिच्या तोंडावर होतो, आणि खरं सांगायचं तर मध्येच येत होतो.