स्टँडवरचा आवाज

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, बस स्टँडवर सगळे भोंगा म्हणायचे. जन्मभर त्यांनी तिथे माइकवर गाड्या पुकारल्या. घरात पाणी मागायचं तरी गाडी फलाटावर लागल्याच्या थाटात मागायचे. आणि दुखणं निघालं ते नेमकं घशाचं.

आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं सांगून दवाखान्याने त्यांना घरी पाठवलं. सोबत वेदना कमी करणाऱ्या औषधाची एक कुलूपबंद पेटी दिली. ही औषधं चोरीला जातात, म्हणून पेटी ठरलेल्या वेळी ठरलेला डोसच बाहेर काढते. डोस वाढवायचा तर डॉक्टर फोनच्या पडद्यावर येतात. पण त्याआधी फोनला रोग्याचा चेहरा आणि आवाज पटावा लागतो. ते दोन्ही नोंदवून घ्यायला दवाखान्याची एक मुलगी घरी आली होती.

आम्ही माती खाल्ली ती तिथेच. फोटो निघणार म्हटल्यावर घरात नुसती लगीनघाई. ह्यांनी बाबांची दाढी करून दिली, मी कवळी घासून बसवली, केसांना कलप लावला. "मी स्वतः बोलत आहे, माझी संमती आहे," एवढंच म्हणायचं होतं. बाबा उभे राहिले, छातीत हवा भरली आणि अशी घोषणा केली की शेजारीण दारात डोकावून गेली. छान आलं, असं म्हणून ती मुलगी निघून गेली. यंत्राने तेवढाच माणूस शिकून घेतला.

पुढे बाबांचे गाल बसले, कवळी टोचू लागली, घशात नुसती घरघर उरली. दुखणं डोसला जुमानेना. दिवसभर ते उशीचं टोक तोंडात धरून पडलेले असत. आम्ही फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. ओळख पटली नाही. उजेडात नेऊन धरला, तरी नाही. दवाखान्यात विचारलं, तर घरी येऊन नोंद करणं आता बंद झालंय, रोग्याला इकडे घेऊन या, असं उत्तर मिळालं. जिना उतरवतानाच बाबा जातील, असं हे दवाखान्याला परोपरीने सांगत होते. मी मात्र फोनलाच शिव्या घातल्या. ज्या माणसाला अख्खी गल्ली नुसत्या खोकल्यावरून ओळखते, त्याला हा डबा ओळखत नाही म्हणजे काय?

शेवटी बाबांनीच खुणेने कवळी मागितली. बसवताना हिरडीतून रक्त आलं, ते मी ओल्या फडक्याने टिपलं. ह्यांनी दाढी केली. मी उरलेला कलप लावला आणि गालांना थोडी लाली चोळली. मयताची तयारी करावी तशी आम्ही जित्या माणसाची करत होतो, आणि माझा संताप संताप होत होता. मग फोन समोर टेकवून ठेवला आणि दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आमचे हात फोनमध्ये दिसणार नाहीत असं.

"मी स्वतः बोलत आहे. माझी संमती आहे."

कुठून आणला तो आवाज, देव जाणे. अगदी स्टँडवरचा. ओळख पटली आणि डॉक्टर पडद्यावर आले.

बाबांना त्यापुढे एक शब्दही फुटेना, म्हणून ह्यांनीच वेदनांबद्दल सांगायला सुरुवात केली. डॉक्टर पोरसवदा होते, दमलेले होते, पण बोलायला नम्र. त्यांनी बाबांची तपासणी म्हणून ओळख पटवताना फोनने केलेलं आताचंच चित्रण पाहिलं.

"आजोबांचा आवाज खणखणीत आहे. चेहराही चांगला दिसतोय. वेदना इतक्या असत्या तर असं उभं राहून बोलताच आलं नसतं. डोस आहे तोच ठेवू."

हे सगळं सोंग आहे, असं मी ओरडून सांगणारच होते. ह्यांनी माझं मनगट दाबलं. यंत्राला फसवलं असं कळलं, तर दवाखानेवाले पेटीच उचलून नेतील. मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी काळजी घ्या म्हटलं आणि ते गेले.

बाबांना निजवलं, कवळी काढली. ते माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं.

"काय म्हणाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आवाज खणखणीत आहे म्हणाले."

बाबांचा चेहरा फुलला. मग त्यांनी पेटीकडे बोट केलं. "वाढवला ना?"

मी हो म्हणाले. ते डोळे मिटून, औषध लागू पडायची वाट बघत पडून राहिले.