उशीत वाजणारा बँड

ताईच्या गाद्यांच्या कारखान्यात हेवी मेटल वाजायचं आणि दारावरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. हे संगीत मुळात शेजाऱ्यांची झोप उडवायलाच जन्माला आलेलं. पण वरच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा पोलीस बोलावले, आईने कारखान्याची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली, आणि तेव्हापासून बँडने तोंडात बोळा कोंबून सराव सुरू केला. ताई ड्रमच्या मापाने फोम कापून वर बसवायची; ते तिला कुणी शिकवायला नको होतं. गिटारला वायर जोडायचीच नाही. गायकाने उशीत तोंड खुपसून गुरगुरायचं. धड ऐकू काहीच येत नसल्यामुळे चौघं गोल करून बसायचे आणि एकमेकांचे हात बघत वाजवायचे. ताईचं मनगट वळलं की कडवं बदललं, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं.

चौघांत ड्रमवर ताई. वडिलांच्या मागे कारखाना तीच ओढत होती. गिटारवर तिचा सख्खा भाऊ, धाकटा. तोही तिथेच गाद्यांना टाके घालायचा. बेसवर कवळी. हा दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायचा, म्हणून नाव कवळी. त्याचे स्वतःचे दात ठणठणीत होते. आणि गायक म्हणजे ड्रायव्हर. दिवसभर शाळेच्या बसमध्ये 'खाली बसा रे' म्हणून ओरडून त्याचा घसा असा काही तयार झाला होता की वेगळा रियाज करायची गरजच नव्हती. बँडचं नाव गंज. चौघांत वयाने कवळी थोरला, पण ताईला तोही ताईच म्हणायचा.

आणि आता धाकटा निघाला होता.

"ऑर्केस्ट्रावाल्यांनी बोलावलंय," गादीतून सुई ओढता ओढता तो म्हणाला. "मंगळवारपासून."

"हॉटेलातला तो? लोक जेवताना वाजवतात तो?"

"जेवताना का होईना, ऐकतात तरी. ताई, इतकी वर्षं मी उशीत वाजवतोय. माझी गिटार कशी वाजते हे मलाच माहीत नाही गं."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, त्याचाच ताईला जास्त राग आला. सगळी गाणी त्याची. दुसरा गिटारवाला मिळालाही असता, पण तिचं मनगट वाचणारा कुठून आणायचा? धाकटा गेला की बँड मोडणार, आणि बँड मोडला की तिच्या वाट्याला गाद्या तेवढ्या उरणार. तिला तो जायला नको होता. पण हात धरून कुणाला थांबवायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

"शनिवारची स्पर्धा तरी वाजवशील ना?"

"वाजवतो. शेवटची."

स्पर्धा एका सभागृहात होती, भर दुपारी. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आधीच्या तीन बँडनी प्रेमाची गाणी गाऊन लोकांना पेंग आणली होती. कोटाला बिल्ला लावलेला संयोजक सारखा दाराकडे बघत होता, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. साउंडवाला चष्मा कपाळावर चढवून बिस्किटं खात होता. प्रत्येकाला तीन गाणी, असं ठरलेलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि चौघंही दचकले.

एवढा आवाज आपला आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. धाकट्याला पहिल्यांदाच आपली गिटार एवढ्या मोठ्याने ऐकू आली आणि तो बिचारा ऐकतच राहिला. ताईच्या हाताकडे बघायचं त्याच्या ध्यानातून गेलं. कवळी तालाच्या पुढे पळाला. ड्रायव्हरने सवयीने मान खाली घातली, पण खाली उशी नव्हती. आणि ताई, जिने सुरुवात करायची तीच, आपल्याच उघड्या ठोक्याला घाबरली. जिन्यावरून भांड्यांचं कपाट गडगडत यावं तसं ते गाणं संपलं. पुढच्या रांगेतले खो खो हसले. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारात गलका झाला. पाहुणे आले होते. संयोजकाने साउंडवाल्याला खूण केली, स्पीकर मुके झाले.

"चला, आवरा," तो मंचाशी येऊन म्हणाला. "झालं तुमचं."

"तीन गाणी ठरली होती," ताई म्हणाली.

"ठरली होती हो. पण हे असलं तीनदा कोण ऐकणार?"

तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याने गिटारची वायर उपसली आणि खाली टाकली. संपलं, ती मनात म्हणाली. मंगळवारपर्यंतही नाही टिकलं.

पण धाकटा मंचावरून उतरला नाही. त्याने लोकांकडे पाठ केली, कारखान्यात उभा राहायचा तसा तिच्यासमोर उभा राहिला आणि तिच्या मनगटावर नजर रोवली. कवळी सरकत जवळ आला. ड्रायव्हरने माईक बाजूला सारला.

"अहो, आवाज बंद आहे!" संयोजक ओरडला. "कुणासाठी वाजवताय?"

"आम्ही असंच वाजवतो," धाकटा मागे न बघता म्हणाला.

ताईने ठोका दिला. काकांच्या धाकाने शिकलेला हात, हलका पण पक्का. वायर नसलेल्या तारांची चिरचिर त्यावर नेमकी बसली. ड्रायव्हर नुसत्या घशाने गुरगुरला. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. हसणारे गप्प झाले, कारण गप्प झाल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. मागचे उठून पुढे येऊन बसले.

मग साउंडवाल्याने बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवला. तो सावकाश मंचावर चढला, पडलेली वायर उचलून वाजत्या गिटारला जोडली, तसाच सावकाश खाली गेला आणि आवाज सोडला.

सभागृह हादरलं. या वेळी कुणी दचकलं नाही. चौघांपैकी कुणी स्पीकर ऐकतच नव्हतं. चौघं हात बघत होते.

"बंद कर ते!" संयोजक धावत गेला.

"गाणं संपल्यावर," साउंडवाला म्हणाला.

गाणं संपलं तेव्हा पाहुणे पुष्पगुच्छ घेऊन दारातच उभे होते. मग गंजने तिसरंही वाजवलं. ठरलं होतं ना.

बक्षीस कसलं, संयोजकाने स्पर्धेतून नावच काढून टाकलं आणि पुन्हा दारात दिसू नका म्हणून बजावलं. धाकटा ड्रम टेम्पोत चढवू लागला. ताईला धीर धरवेना.

"मंगळवारी ऑर्केस्ट्रा?"

"मंगळवारी सराव," तो म्हणाला. "आणि तो फोम काढून टाक."

"काका पोलीस बोलावतील."

"बोलावू देत. गाद्या आहेत ना ढीगभर. बसव त्यांना ऐकायला."