हिंमतरावाचं ताट

साहेब, मधात बोलू नका. वेडा म्हणायचं असंन तं शेवटी म्हणा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

हिंमतराव मोताळ्याकडचा. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडण झालं अन् त्यानं सख्ख्या भावाले, भाऊरावाले, भर शेतात कुऱ्हाडीनं तोडलं. एक-दोन नाही, सतरा घाव. त्याच्याच बायकोनं, शालूबाईनं, कोर्टात खरं ते सांगतलं, त्याले जन्मठेप झाली, अन् जेलात त्यानं फास घेतला. त्याच्यावर मी पुस्तक लिहून राह्यलो होतो. दोनशे पानं झाली, पण तो माणूस काही पानात उतरे ना. माहाच मले राग येत होता.

पितृपक्षात मी शालूबाईच्या मळ्यात गेलो, तं ती भरल्या ताटासमोर एकटीच बसलेली. आमच्याकडे मेलेल्याच्या तिथीले एका जित्या माणसाले त्याच्या नावानं पाटावर बसवतात, पाय धुतात, टिळा लावतात, जेवू घालतात. त्या दिवसापुरता तो माणूस पित्तर. हिंमतरावाचा पित्तर व्हायले गावातलं कोणी तयार नव्हतं.

"मी बसतो," मी म्हणलो.

"नका सर," ती म्हणे. "मले मारीन असं बोलून गेले ते. त्यायच्या नावानं कोणाले बसवायचं भ्या वाटते."

पण माही अक्कल चरायले गेली होती. मले पुस्तक दिसत होतं. बसलो पाटावर. पाय धुताना तिनं तोंड फिरवून घेतलं, अन् ते बी मी पुस्तकासाठी मनात टिपून ठेवलं, इतका मी नालायक. वडे, कढी, खीर, सगळं चाटूनपुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायले बसलो तं पेन आपोआप चाललं. भाऊरावाचा जबडा कसा फुटला, मानेतून रगत कसं उडालं, तो माय माय म्हणत कपाशीच्या ओळीत कसा सरपटला, सगळं. मले लय आनंद झाला. पाचव्या दिवशी त्याच अक्षरात खाली उमटलं, 'आता शालू.'

मी पानं जाळली. हात भिंतीवर लिहायले लागला. बायकोनं, पुष्पांजलीनं, पेन हिसकून घेतलं तं मी तिच्या तोंडावर असा ठोसा हाणला का दोन दात खाली पडले. अठरा वर्षांच्या संसारात तिले कधी बोट लावलं नव्हतं, साहेब. मी तिच्या पायाशी बसून रडलो, अन् रडता रडताच उठून बस स्टँडावर गेलो. पाय माहे राह्यलेच नव्हते.

दुपारी मळ्यात पोचलो. शालूबाई कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये ज्वारीची धाटं सारून राह्यली होती. मले पाहून ती हलली नाही, पदर तेवढा डोक्यावर घेतला.

"आले का तुमी," ती म्हणे. ते सरांसाठी नव्हतं. नवऱ्यासाठी होतं.

गोठ्याच्या कुडाले टेकलेली कुऱ्हाड उचलली गेली. मी आतून वरडत होतो, पळ बाई, पळ, पण आवाज फुटे ना. मंग मले सुचलं. ज्या हातानं तो लिहिते, त्या हातातच तो शिरला आहे. होती नव्हती तेवढी ताकद लावून मी उजवा हात मशीनच्या पात्यात घातला. हाडं कडाकडा मोडली. मनगटापासून खाली काही राह्यलं नाही. कुऱ्हाड खाली पडली, अन् तेवढ्या कळेतही मी हसलो. वाचली बाई, म्हणलं.

शालूबाईनं बटण बंद केलं, धावत आली, पदर फाडून माहं मनगट आवळून बांधलं. तिचं तोंड माह्या तोंडाजवळ होतं. ती हुंदके देत होती.

"हे काय करून बसले, सर," ती म्हणे. "उजवा काऊन तोडला? ते तं डावखुरे होते."

दोनशे पानं लिहिली मी त्याच्यावर, अन् हे कोणाले विचारलंच नव्हतं. माहा डावा हात तवा तिच्या गळ्यावर होता, अन् ती हलायची थांबली तरी तो सुटे ना.