बोलून कापायचं

आमच्या टेलरिंगच्या दुकानात एक नियम आहे. कात्री लावण्याआधी काय कापणार ते मोठ्याने सांगायचं, आणि दुकानातल्या वडीलधाऱ्याने "काप" म्हटल्याशिवाय हात चालवायचा नाही. हा नियम आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घातला, कारण माझ्या भावाने, म्हणजे दादाने, ऐन उमेदीत एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडाची पँट कापून ठेवली होती. त्यावरून मी त्याला अजून छळते. बहिणी आणखी कशासाठी असतात?

अर्धांगाच्या झटक्यात अण्णांचा उजवा हात लुळा पडला आणि "काप" म्हणायचा मान दादाकडे आला. रोज सकाळी दादाच त्यांच्या शर्टाची बटणं लावतो. तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे बघत राहतात.

दादाच्या मुलीला शाळेत उत्तम मार्क पडले. अंगाने बारीक आणि बोलायला बोचरी, म्हणून तिला आम्ही सगळे सुई म्हणतो. मापं घेता घेता दादाने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, "आमची इंजिनिअर होणार." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सुईला कुणी विचारलंच नव्हतं.

कॉलेजप्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा दादाने दुकानातच, अण्णांसमोर, विषय काढला. "काय गं, इंजिनिअरिंगची कुठली शाखा?"

सुईने आतून अण्णांचा बाहेर जायचा शर्ट आणला, टेबलावर पसरला आणि कात्री उचलली. मी मशीन थांबवलं.

"बटणपट्टी कापणार," ती मोठ्याने म्हणाली. "तिथे वेल्क्रो लावणार. आजोबांना एका हाताने घालता येईल असा करणार."

त्या शर्टाची काजं दादाने हाताने केली होती.

"आणि अजून एक." कात्री तिने खाली ठेवली नाही. "मी इंजिनिअर होणार नाही. आजारातून उठलेल्या माणसांना आपली कामं पुन्हा आपली आपण करायला शिकवतात ना, ते शिकणार. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्याला."

"अगं, मी गावभर सांगून बसलोय!" दादा कडाडला.

"बाबा, तुम्ही माप न घेताच सांगितलंत."

मी कसंबसं हसू दाबलं. दादाने अण्णांकडे पाहिलं. आज ते भिंतीकडे बघत नव्हते, शर्टाकडे बघत होते.

"काप," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा एकटेच दुकानात आले. शर्ट अंगात, कॉलर एका बाजूला वाकडी. दादाचा हात सवयीने पुढे गेला, तो अण्णांनी डाव्या हाताने बाजूला सारला. पोरीचा असा अभिमान वाटला मला! रडले चक्क, आणि लपवलंही नाही.

तेवढ्यात नेहमीचं गिऱ्हाईक आलं. "काय मास्तर, लेक इंजिनिअर होणार ना?"

"छे हो," दादा म्हणाला. "ते राहू द्या. आधी आमच्या अण्णांचा शर्ट बघा. आज त्यांचा त्यांनी घातलाय."