मूळ रंगाची किंमत

"गाडी विकायचीय का उजवायचीय हिला?" रंगाचा डबा बंद करता करता धाकलू पेंटर पुटपुटला. जया हातभर अंतरावर उभी होती. तिला ते कौतुकच वाटलं.

पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर मुलीला न्हाऊमाखू घालून उभी करायची, एवढं तिला ठाऊक. गाडीचं निराळं काय असणार? म्हणून नवऱ्याची, नामाची, पन्नास वर्षांची फियाट तिनं चौक गावातल्या गॅरेजात नेऊन लालभडक करून आणली. सीटा बदलल्या. चाकांवर बसवायच्या जुन्या पत्र्याच्या वाट्या भंगारवाल्याला दिल्या, वर त्याला चहा पाजला.

गाडी किमतीसाठी विकायची, असं घरात सगळे म्हणत. गेल्या महिन्यात नामानं भर दुपारी ती अंगणातल्या तुळशीवृंदावनावर घातली होती. वृंदावनच मधे बांधलंय, असं एकमतानं ठरलं आणि गवंडी बोलावून ते सरकवलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद जयानं साड्यांखाली ठेवला. शेवटी लेकानं, हर्षदनं, तोड काढली: जुन्या गाड्यांना हल्ली सोन्याचा भाव आहे, मोठा आकडा ऐकला की आबा आपणहून किल्ली देतील.

किंमत ठरवणारा देवेश पनवेलहून आला. गाडीभोवती दोनदा फिरला.

"ओरिजनल रंग कुठला होता, काकू?"

"फिका हिरवा. पार विटलेला," जया अभिमानानं म्हणाली.

"सीटा?"

"उसवलेल्या. टाकल्या."

"चाकांच्या वाट्या?"

"पोचे होते हो त्यांना!"

देवेशचा चेहरा मयताला आल्यासारखा झाला. "विटकी होती तशी असती तर साडेचार लाख सांगितले असते. आता लाखभर."

साडेतीन लाख जयानं धाकलूला मजुरी देऊन खरवडून काढले होते. पोर इतकी नटवली की पाहुण्यांनी ओळखलीच नाही. शहाणी बाई म्हणून चौकात आपलं नाव आहे, असं ती समजत आली होती. ते नाव नक्की कोणी ठेवलं, हे मात्र आता आठवेना.

नामा खुलला. "लाखभराला? फुकट हाय का! ऱ्हाऊ दे दारात. मी हाय ना चालवायला." त्यानं खिशातून किल्ली काढली. "चल रं हर्षद, पावण्याला कर्जतपर्यंत फिरवून आणू."

"आबा, रंग ओला हाय अजून."

"वाळंल की वाऱ्यानं!"

हर्षद भिंतीकडे बघू लागला, देवेश मोबाइलमध्ये. नामाची किल्ली नव्या रंगावर ओरखडे काढत कुलूप शोधत होती. इथं नाही, तिथं नाही.

जया पुढे झाली. रंग खराब होतोय, एवढंच म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं. तिनं नामाचा हात धरला.

"अहो," ती म्हणाली, "तुमाला दिसत नाय."