सिगारला पडलेली भोकं

कपाट उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सिगारना परत भोकं. टाचणीनं टोचल्यासारखी, गोल, साफ. खाली तपकिरी भुकटी, आणि त्या भुकटीतून तिळाएवढा एक भुंगेरा बापाची इस्टेट असल्यासारखा फिरत होता.

इस्टेट माझ्या बापाची. जहाजावर स्वयंपाकी होते. बंदराबंदरातून सिगार आणायचे. दुसरी हौस केली नाही. मग फुप्फुसाचं ऑपरेशन झालं आणि ओढणं कायमचं सुटलं. आता रोज संध्याकाळी एक सिगार हातात घेतात, नाकाशी धरतात, ठेवून देतात. एवढंच उरलंय त्यांना. आणि नेमकं तेच हे हरामखोर किडे खात होते.

दोनदा उपाय केला. सगळे सिगार पिशव्यांत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. गारठ्यानं अंडीसुद्धा मरतात. कपाटाच्या फटी न् फटी ब्रशनं खरवडल्या. तरी परत!

"थंडी सोसवत नसेल बिचाऱ्यांना," बायको म्हणाली. "स्वेटर विणू का?"

"तू गप्प बस."

तेवढ्यात बाबा दाराच्या चौकटीला धडकले. चष्मा नव्हता. हल्ली तो कुठेही लोळत असतो. परवा माझ्याच पायाखाली येऊन काडी मोडली.

"डबीत ठेवायला काय होतं हो तुम्हाला?" मी ओरडलो, त्यांच्या खिशातून चष्म्याची डबी ओढली आणि उघडली.

आत सिगार. पार चाळण झालेला.

"हा फ्रीझरमध्ये नव्हता?"

"नव्हता."

"दोन्ही वेळेला?"

"अरे, आठवडाभर संध्याकाळी मी काय करू? भिंत हुंगू? तुझं आटपलं की ठेवतोच ना रात्री कपाटात, त्याच्या भावंडांत."

भावंडांत! मी कपाळावर हात मारला.

"द्या इकडे. आता सगळे परत फ्रीझरमध्ये. हासुद्धा."

"बाकीचे ने. ते वाचव, तुझ्यासाठीच ठेवलेत. हा काही आता वाचत नाही, दिसतंय मला."

"चष्म्याशिवाय?"

त्यांनी सिगार तळहातावर आपटला. भुकटी पडली, मागोमाग एक भुंगेरा. तो अंगठ्यानं चिरडला आणि उरलेलं पोकळ टरफल नाकाशी धरलं.

"आहे अजून," म्हणाले.

ते टरफल खिडकीतून भिरकावावंसं वाटत होतं. नाही भिरकावलं. स्वयंपाकघरातून फिरकीच्या झाकणाची बरणी आणून त्यांच्यापुढे आदळली.

"यात ठेवायचा. कपाटाजवळ नेलात तर कुलूप घालीन."

"आणि वास कसा घेऊ?"

"झाकण उघडून!"

"मग भुंगेरे बाहेर येतील की रे."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. फ्रीझरमधून बर्फाचे ट्रे काढल्याचा आवाज आला. मी दातओठ खात तिसऱ्यांदा पिशव्या भरायला बसलो.